सुंभ जळला, पीळ परत येतोय

चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला आलीस तेव्हा डोक्यावरची ओढणी काही खाली येऊ देत नव्हतीस. आई खूश. ‘पुण्याला राहून पोर मर्यादेची झाली’ असं शेजारच्या काकूंना सांगून आली. मला मात्र दांडीवर टाकलेल्या तुझ्या टॉवेलात सगळं दिसलं होतं. टॉवेलभर केसांचे तुकडे, बोटभरही लांब नाहीत. रात्री माजघरातला दिवा मालवल्यावर तू माझा हात धरून आपल्या वेणीच्या टोकावर नेलास. ‘ताई, बघ ना.’ बघितलं. सोडणातून नुकता उपसलेला काथ्या गं!

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. केस सरळ करून देणाऱ्या त्या पार्लरवाल्यांनी म्हणच खोटी पाडली. आजीकडून आलेला तुझ्या केसांचा पीळ गेला तो गेला, वर सुंभही जळला.

यात्रेच्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून आता निवांत सांगते. रागावणार नाही, घाबरू नकोस. रागवायचा मला हक्कही नाही. माझ्या लग्नाच्या आधी मीही सोनेरी बटा करून घेतल्या होत्या, आठवतं? हळदीच्या दिवशी त्या बटा हातात आल्या आणि मावशीने त्या जागी अबोलीचा गजरा दाबून बसवला. फोटोत सगळे गजऱ्याचं कौतुक करतात.

आधी कडू ते सांगते. टाळूच्या वर आलेला केस मेलेला असतो. त्यात रक्त नाही, शीर नाही. नखासारखाच तोही केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्यामुळे जखम भरते तसा तो भरून येत नाही. बाटलीवर ‘रिपेअर’ लिहिलेलं असू दे, नाहीतर यूट्यूबवरची बाई ‘सात दिवसांत’ म्हणू दे. आपल्या वाडीतला माड आठव. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा किती माड-पोफळी आडव्या झाल्या, आणि उभे राहिले त्यांच्या झावळ्यांच्या चिंध्या झाल्या. त्यातली एक तरी झावळ पुन्हा सांधली गेली का? नाही. पण ज्यांचा कोंब शाबूत होता त्यांनी वरून नवी झावळ काढली. तुझा कोंब शाबूत आहे. टाळू भाजलेली नाही, मी रात्री बोटं फिरवून बघितली.

आणि गंमत ऐक. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला वीतभराहून कमीच. तुझे केस कमरेपर्यंत. म्हणजे वेणीच्या टोकाला जो केस आहे तो पाचेक वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेला. तेवढी वर्षं त्याने ऊन, खारा वारा, तुझ्या त्या कडक पोनीटेल आणि वसतिगृहाचं बोअरचं पाणी सोसलं. त्याच्यावर दोनशे अंशांची इस्त्री फिरवलीस! कपड्यांवरही आपण जपून फिरवतो.

केसाच्या अंगावर माशासारखे खवले असतात, एकावर एक बसलेले, तोंड खाली शेंड्याकडे. ते चपटे बसलेले असले की केस चमकतो आणि गुंतत नाही. ब्लीच, रंग, स्ट्रेटनिंगची क्रीम ही बहुतेक अल्कलीधर्मी. ती हे खवले उचकटतात आणि आत जाऊन प्रथिनाच्या साखळ्यांमधले गंधकाचे टाके उसवतात. त्यात ओलसर केसावर इस्त्री फिरली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे उठतात. तू सांगितलंस ना, चर्रर आवाज आला म्हणून? तोच.

आता उपाय. तू हसणार, कारण उपाय आजीचाच आहे: न्हायच्या आधी खोबरेल. पण का, ते ऐक. २००३ मध्ये आरती रेले आणि आर. बी. मोहिले या मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल घेऊन केसांवर प्रयोग केले आणि ते सौंदर्यप्रसाधनांच्या शास्त्रीय नियतकालिकात छापले. केस धुताना, विंचरताना त्यातलं प्रथिन किती झिजून जातं, ते त्यांनी मोजलं. धुण्याआधी लावा की धुतल्यावर, प्रथिनाची झीज ठळकपणे कमी केली ती एकट्या खोबरेलाने. चांगल्या केसांत आणि ब्लीच केलेल्या केसांतही. दोघं खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतली, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर उद्या तूच मला ऐकवशील. पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ, प्रथिनाशी सलगी करणारा, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. प्रयोगातली बाकीची दोन तेलं वरवर चोपडून राहतात. आत तेल बसलं की पाणी कमी शिरतं. केस दर न्हाण्याला फुगतो आणि सुकताना आक्रसतो, ती ओढाताण कमी होते. म्हणजे खोबरेल तुटलेलं जोडत नाही. उरलेलं राखतं. तुझ्या केसांना आज तेवढंच हवंय.

आजीला लॉरिक आम्ल ठाऊक नव्हतं, पण न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल, हा तिचा नेम होता. आणि तेल कुठलं? आवेल. तुला वास तरी आठवतो का? ओले नारळ विळीवर खवायचे, पाणी घालून रस पिळायचा, रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी वर साय धरते, ती काढून लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवायची आणि हलवत बसायचं. तासाभराने साय तांबूस होते आणि तेल सुटतं. मग घरभर असा वास सुटतो की मांजरसुद्धा चुलीपाशी येऊन बसतं. खालचा तांबूस चोथा गूळ घालून आपण दोघी खायचो, आणि तू जास्त खायचीस. दहा नारळांतून बाटलीभरही निघत नाही, तेव्हा रोज हे करायला जमणार नाही, कबूल. पुण्यात बाजारचं साधं खोबरेल चालेल, घाण्याचं मिळालं तर उत्तम. आत शिरायच्या बाबतीत दोन्ही सारखीच. भारीतली बाटली घेऊन पैसे घालवू नकोस.

लावायचं कसं? कोरड्या केसांना, गुंता काढून. दोन-तीन चमचे पुरे. टाळूला निथळेपर्यंत चोपडायची गरज नाही, तुझं दुखणं खालच्या दीड वितीत आहे. तळहातावर चोळून खालून वर ये. सैल वेणी घालून झोप, उशीवर जुनी सुती साडी टाक. सकाळी धू. आठवड्यातून दोनदा केलंस तरी दोन-तीन महिन्यांत टॉवेलातले तुकडे कमी झालेले दिसतील. कोंडा असेल तेव्हा मात्र टाळूला तेल लावू नकोस. कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. आजीला हे पटायचं नाही. तेल हा तिचा सगळ्यावरचा इलाज होता, खरचटण्यापासून परीक्षेपर्यंत.

धुताना शांपू फक्त टाळूला. खाली वाहून येणारा फेस शेंड्यांना पुष्कळ होतो. शिकेकाई आवडत असेल तर जरूर वापर. ती किंचित आम्ल असते, साबणासारखे खवले उचकटत नाही. पण भरड पूड घालून चोळू नकोस. उकळून, फडक्याने गाळून नुसतं पाणी घे. रिठा जास्त घालू नकोस, केस खरखरीत करतो. आणि अंगाचा साबण डोक्याला? तो तर वैऱ्यालाही सांगणार नाही. त्यात आपल्या विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ होतं, तेव्हा फेसही धड येत नाही आणि केसावर चिकटा बसतो. मी त्या दिवसांत शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घेते. तुझ्याकडे बोअर आहे, तूही काही तजवीज कर.

न्हाणं झालं की जास्वंद. परसातल्या लाल जास्वंदीची पंधरा-वीस पानं धुऊन तांब्याभर पाण्यात कुस्कर, तळहाताला बुळबुळीत लागेपर्यंत. गाळून तो बुळा केसांवर ओत, पाच मिनिटं ठेव, धुऊन टाक. केसातून बोटं कशी सुटतात बघ! यात जादू नाही. बुळा केसावर पातळ थर धरतो, घर्षण कमी होतं, विंचरताना केस कमी तुटतो. भिजवलेल्या मेथीचंही तेच, फक्त दोन दिवस मेथीच्या लाडवासारखा वास येतो, ऑफिसला जायचं असेल तर विचार कर. आणि पुण्यात जास्वंद नसेल तर सरळ दुकानातला कंडिशनर आण. मी काही त्याची वैरीण नाही. बिघडलेल्या केसावर ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमध्ये धन भाराचे रेणू असतात. ते नेमके बिघडलेल्या जागी जाऊन चिकटतात. घरचं तेवढं पवित्र आणि बाजारचं ते विष, असं बायका एकमेकींना सांगत सुटतात त्याचा मला कंटाळा येतो.

बाकीच्या घरगुती नुस्ख्यांचं थोडक्यात सांगते. अंडं लावू नकोस. त्यातल्या प्रथिनाचा रेणू इतका मोठा की केसात शिरणं शक्य नाही, आणि गरम पाण्याने धुतलंस तर डोक्यावर भुर्जी होईल. माझी झाली होती. लिंबू पिळू नकोस, फार आंबट आहे. दही चालेल, गुळगुळीत करतं, याहून जास्त आशा नको. मेंदी केसाला चिकटून बसते, जाड वाटतं, पण कोरड्या केसाला आणखी कोरडं करते. ‘काळी मेंदी’ तर घरात आणूच नकोस, तिच्या पुडीत रासायनिक रंग असतो आणि एखादीची कातडी सोलून निघते. तांदळाच्या पाण्याचं फार बोलतात हल्ली. अगं, पेज ती, पी. मीठ आणि लोणच्याची फोड घेऊन.

ओला केस सगळ्यात दुबळा, एवढं ध्यानात ठेव. फार ताणला की रबरासारखा लांबतो, पण रबरासारखा परत येत नाही. म्हणून न्हाल्यावर टॉवेलाने खसाखसा पुसणं बंद. बाबांचा जुना पंचा घे, दाबून पाणी टिपून घे. मोठ्या दातांचा कंगवा, खालून सुरुवात, वरचा भाग मुठीत धरून. किनाऱ्यावर जाशील तेव्हा आधी गोड्या पाण्याने केस भिजवून मग समुद्रात शीर. गोड्या पाण्याने फुगलेल्या केसात खारं पाणी कमी शिरतं. वाळूच्या टेकडीवर वाऱ्यात मोकळे केस सोडून फोटो काढायची हौस या वर्षी राहू दे.

एक गोष्ट मात्र घरगुती नाही. टॉवेलातले ते तुकडे मी उजेडात धरून बघितले, दोन्ही टोकं तुटलेली होती. म्हणजे केस मोडतोय. मुळापासून गळणाऱ्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. तसे रोज पन्नास-शंभर जातातच. त्याहून बरेच जास्त जायला लागले, किंवा कुठे चट्टा पडला, तर तेलाची बाटली बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड तपासून घे. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, त्यावर जास्वंद चालत नाही. आणि डबा नीट खा. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, मिळाला तर बांगडा. कॉफी आणि बिस्किटांवर केस उगवत नसतात.

पार्लरमधून आता ‘केराटिन करून घ्या, दुरुस्त होईल’ असे मेसेज येतायत म्हणालीस. नाव केराटिनचं असतं, केस सरळ करणारं रसायन वेगळंच. कित्येकांतून इस्त्रीच्या आचेने फॉर्मॅल्डिहाइडचा वायू सुटतो, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. आणि तो कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. त्याऐवजी काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं, तर २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकिगत छापली: तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तेव्हा जाळलेलं दुरुस्त करायला पुन्हा त्याच भट्टीत जाऊ नकोस.

आता मुख्य. टोकं दुभंगलीयत ती कापावीच लागतील. दुभंगलेला केस तेलाने, बुळ्याने, कशानेही चिकटत नाही. उलट चीर वर वर चढत जाते. एकदम खांद्यापर्यंत काप असं मी म्हणणार नाही, तुला रडू येईल आणि आईला जास्त. दर दोन महिन्यांनी दोन बोटं काप. जेवढं वाढेल त्याहून थोडं जास्त जाईल, पण हळूहळू जळका भाग संपेल.

आणि आरशापुढे उभी राहून भांगाजवळ नीट बघ. यात्रेच्या रात्री बोटांना मला लागलं होतं, तेव्हा बोलले नाही. मुळाशी बोटभर केस नवा आलाय, आणि तो कुरळा आहे. अगदी आजीचा. आता काही महिने वरचा केस वळणार आणि खालचा सरळ लोंबणार, विचित्र दिसेल. वेणी घाल, अंबाडा घाल, नाहीतर ओढणी आहेच, आईचाही गैरसमज टिकून राहील.

मे महिन्यात येशील तेव्हा दहा नारळ काढून ठेवते. कात्री पुण्याहून तू आण, चांगली धारेची. इथली मी गेल्या आठवड्यात सुतळी कापायला वापरली.