चाकावरचे वीजघर

जळगावाहून धुळ्यास जाणारा महामार्ग सुमारे नव्वद किलोमीटरांचा आहे. गिरणेचा पूल ओलांडला, की पाळधी, एरंडोल, पारोळा अशी गावे क्रमाने लागतात. या वाटेने शेतकरी, दूधवाले, शिक्षक व विद्यार्थी मोटारसायकलींवरून नित्य ये-जा करीत असतात. त्यांतील प्रत्येक गाडी आपल्याबरोबर एक चिमुकले वीजघर घेऊन धावत असते. ते बंद पडले, तर टाकीत पेट्रोल भरपूर असूनही गाडी वाटेतच उभी राहते.

खानदेशातील मुलांना विहीर, हौद आणि पाट यांची ओळख करून द्यावयास नको. पंप पाणी उपसतो, हौद ते साठवितो आणि पाट ते केळीच्या बागेपर्यंत पोचवितो. मोटारसायकलीतील विजेची व्यवस्था अशीच आहे. १८३१ साली मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला असता तारेत वीज उत्पन्न होते. इंजिनाबरोबर फिरणारे चुंबक आणि त्यांच्याजवळ स्थिर बसविलेली तांब्याच्या तारेची कॉईल, हा झाला पंप. बॅटरी हा हौद. तारा म्हणजे पाट.

कॉईलमधील वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हे काम रेक्टिफायर करतो. इंजीन वेगाने फिरू लागले, की विजेचा दाबही वाढतो. तो सुमारे साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ न देणे, हे रेग्युलेटरचे काम. पुष्कळ गाड्यांत हे दोन्ही एकाच लहान पेटीत असतात. पेटी तापते, म्हणून तिला वारा लागेल अशा जागी बसवितात.

आता समजा, एक तरुण तिन्हीसांजेस जळगावाहून निघाला. एरंडोल मागे पडले, तेव्हा हॉर्नचा आवाज बसला. पारोळा जवळ आला, तेव्हा दिवा मिणमिणू लागला आणि थोड्याच वेळात गाडी थांबली. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजीन चालू असेतोवर दिवसाही जळत राहतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांत पेट्रोलसुद्धा विजेच्या पंपानेच इंजिनास मिळते. हौदात भर पडली नाही, तर तो रिकामा होण्यास वेळ लागत नाही. महामार्गावर मालमोटारी भरधाव जात असतात. दिवा विझलेली गाडी त्यांच्या चालकांस दिसत नाही. असा प्रसंग जिवावर बेतू शकतो.

तरुण रस्त्याच्या कडेकडेने गाडी ढकलीत एका कारागिराकडे पोचला.

“नवी बॅटरी बसवून द्या,” तो म्हणाला.

“भाऊ, हौद फुटला की पंपाचे पाणी येईना, हे आधी पाहू. नाहीतर नवा हौदही उद्या रिकामाच होईल,” कारागीर उत्तरला.

त्याने आपल्याजवळची भरलेली बॅटरी तात्पुरती जोडली. मीटरने साडेबारा व्होल्ट दाखविले. इंजीन सुरू करून वेग वाढविल्यावर काटा चौदापर्यंत चढावयास हवा होता. तो उलट उतरू लागला. बॅटरीत वीज येतच नव्हती. फ्यूज शाबूत होता. बॅटरीची टोके स्वच्छ होती. कॉईलमधूनही वीज निघत होती. पण रेक्टिफायरपर्यंत ती पोचत नव्हती. दोहोंमधील जोडणी उघडताच दोष सापडला. आतील पिना काळ्या पडल्या होत्या आणि प्लॅस्टिक वितळले होते.

हे कसे घडले? जोडणी ढिली झाली, की तेथे विजेस अडथळा होतो. अडथळ्यामुळे उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने जोडणी अधिकच बिघडते. खड्ड्यांचे धक्के, धूळ आणि खानदेशातील कडक उन्हाळा यांमुळे हा बिघाड लवकर वाढतो. कारागिराने जळालेला भाग काढून नवी, घट्ट जोडणी केली. तरुणाची जुनी बॅटरी चार्जरवर भरून घेतली. ती पुन्हा जोडून इंजीन सुरू करताच काटा चौदावर जाऊन स्थिरावला.

कधी बिघाड याच्या उलटही असतो. रेग्युलेटर निकामी झाला, तर दाब पंधरा व्होल्टच्या वर जातो. दिवे वारंवार उडतात आणि बॅटरीतील पाणी आटते. बॅटरीत तीव्र आम्ल असते व भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघू शकतो. म्हणून तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये आणि मुलांनी ती स्वतः उघडू नये.

बॅटरी रिकामी झालेली सर्वांनाच दिसते. ती का रिकामी झाली, हे क्रमाने शोधणारालाच कळते.

शब्दार्थ
तिन्हीसांजा – दिवस मावळण्याची वेळ
मिणमिणणे – मंद जळणे
शाबूत – न मोडलेला, सुस्थितीत असलेला

स्वाध्याय
१. पंप, हौद व पाट यांची तुलना मोटारसायकलीतील कोणत्या भागांशी केली आहे?
२. नवी बॅटरी बसविण्यास कारागिराने प्रथम नकार का दिला?
३. कारागिराने केलेल्या तपासण्या क्रमाने लिहा.
४. ‘जिवावर बेतणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.