नेत्याला हवं तरी काय?

हॉस्टेलवर राजकारणाचा विषय निघाला की दोन मिनिटांत निकाल लागतो, "सगळे सारखेच!" पण सारखे का, हे कोणी विचारत नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1957 साली ते विचारलं. त्याचं उत्तर असं, की पक्ष धोरणं आखतात ती निवडणूक जिंकण्यासाठी; धोरणं राबवायची म्हणून निवडणूक जिंकत नाहीत. आपल्या भाषेत, मॅक्सिमाइज करायची गोष्ट एकच, मतं!

आता हे जव्हार-मोखाड्याला लावून बघू. हे तालुके पालघर लोकसभा मतदारसंघात येतात आणि जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. जानेवारी 2018 मध्ये भाजपचे खासदार चिंतामण वनगा वारले. पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले, तर भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उभं केलं. गावित जिंकले. 2019 ला युतीत जागा सेनेकडे गेली, तसे गावितही सेनेत गेले आणि पुन्हा खासदार झाले! संधिसाधूपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण राखीव जागेवर निवडून येऊ शकणारी नावं मोजकीच. पक्षालाही त्यांची तितकीच गरज होती. उलट वनगा मात्र शेवटपर्यंत भाजपमध्येच राहिले. डाउन्सच्या गणितात ते कुठे बसवायचे, कोण जाणे.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती मतांची जागा. लोकसभेची गठ्ठा मतं वसई-नालासोपाऱ्यात, रेल्वेलाइनीला. वरच्या पाड्यांवर जीप पोचायला अर्धा दिवस, आणि मतं किती? शिवाय दिवाळीनंतर इथली माणसं वीटभट्ट्यांवर जातात. विधानसभेच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बरीचशी गावात सापडतात. लोकसभेच्या एप्रिल-मे महिन्यात घराला कुलूप. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाड्यातच, आणि टँकरची वाट बघणारे पाडेही इथलेच. ज्याचं मत हमखास पडतं, त्याचाच नळ आधी.

मग राग आला तर? 2016 मध्ये मोखाड्यातले कुपोषणाचे मृत्यू गाजले, तेव्हा आदिवासी विकासमंत्री विष्णू सवरा इथलेच, विक्रमगडचे आमदार होते. 2019 ला त्यांचे चिरंजीव डॉ. हेमंत सवरा तिथे उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या सुनील भुसारांकडून हरले. 2024 ला तेच हेमंत सवरा भाजपकडून पालघरचे खासदार झाले, आणि विक्रमगडही भाजपने परत घेतलं.