पाखरू सरकते, हद्द सरकत नाही



पावसाचे दिवस कमी आणि पडला की धो धो, हे अलीकडे आपण सारेच बघतो. लागणीचे वेळापत्रक त्याने बिघडते. हाच फटका पाखरांनाही बसतो. ऊन वाढले तसे जगात अनेक ठिकाणचे पक्षी थंड मुलखाकडे किंवा डोंगरावर सरकू लागल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. पण अभयारण्याची हद्द कागदावर आखलेली. ती जागची हलत नाही.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. सोलापूर व नगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौ. कि.मी. क्षेत्र त्यात धरले होते. गावे, शेतीही त्यात आली आणि लोकांची अडचण झाली. पुढे ते १,२२२ चौ. कि.मी.वर आणले गेले.

माळढोक झाडावर घरटे करीत नाही. पावसाळ्याच्या सुमारास उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालतो. पाऊस लांबला की गवत नाही, गवत नाही म्हणजे नाकतोडे नाहीत. एकदम झोडपला तर जमिनीवरचे अंडे जाते. पूर्वी या माळावर नाही पडला तर पाखरू दुसऱ्या माळावर जाई. आता कालव्याचे पाणी आले आणि शेजारच्या माळावर ऊस उभा राहिला. जाणार कुठे?

खरे सांगायचे तर माळ मोडणे, शिकार आणि विजेच्या तारा ही घट होण्याची मूळ कारणे. हवामान हा त्यावरचा आणखी घाव. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असून बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला दिसणे दुर्मीळ झाले आहे.

ऊस लावू नका, असे मी म्हणणार नाही. एवढे मात्र करता येईल :

(१) मुरमाड माळ फोडून ऊस लावू नये. तिथे पाणी जास्त लागते, उतारा कमी पडतो. त्यापेक्षा गवत राखावे, जनावरांना वैरण होते.

(२) पाचट जाळू नये, सरीत दाबावे. ओल टिकते आणि बांधावरची घरटीही वाचतात.

(३) गायरानावर अतिक्रमण करू नये.

(४) माळढोक दिसल्यास हुसकू नये, वन खात्याला कळवावे.

माळ राहिला तर पाखराला सरकायला जागा राहील. आणि तोच माळ आपल्या विहिरीसाठी पाणी मुरवतो, हेही ध्यानात असू द्यावे.

– ऊस विकास अधिकारी