आधी मांजराची सोय, मग पाखरांना आमंत्रण

२० मार्च हा जागतिक चिमणी दिन. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून तो साजरा होतो. त्या सुमारास अनेक घरांच्या अंगणात, गॅलरीत पाण्याची पसरट मातीची भांडी, लाकडी घरटी आणि दाण्यांचे फीडर दिसू लागतात. उन्हाच्या तडाख्यात पाखरांना घोटभर पाणी मिळावं, ही भावना मोलाचीच आहे. पण ज्या घरात मांजर आहे, त्या घराने भांडं विकत आणण्याआधी थोडं थांबावं, असं मी आग्रहाने सांगते. आमच्या घरात मांजरं आहेत आणि बागेत पक्षीही येतात. दोघं एकाच आवारात नांदू शकतात, पण त्यासाठी कामांचा एक क्रम पाळावा लागतो. तो उलटा झाला, तर जीव पाखरांचा जातो.

आमचं घर साताऱ्यातलं, मागे बऱ्यापैकी परसदार असलेलं. तिथे आम्ही लिंबू, कढीपत्ता, शेवगा, तुती आणि लाल जास्वंद लावली, कडेने मेहंदीचं कुंपण केलं. पक्षी आणि फुलपाखरं बोलवायची असतील, तर ही झाडं मी आजही सुचवेन. लिंबू आणि कढीपत्त्याच्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं निळं-काळं नीलवंत लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. अळ्यांनी चार पानं कुरतडली म्हणून फवारणी केली नाही, की फुलपाखरं आपसूक येतात. शेवगा आणि जास्वंद फुलले की शिंजीर हजर होतो. तुती पिकली की बुलबुल आणि साळुंक्या भांडत येतात. शिंपी पक्षी दोन पानं शिवून हाताच्या उंचीवर घरटं करतो. पालापाचोळा झाडून न काढता झाडाखाली राहू दिला, तर त्यात किडे होतात, आणि किड्यांमागे दयाळ, सातभाई, बेडूक आणि सापसुरळ्या येतात. उन्हाळ्यात आम्ही कुंपणाच्या सावलीत पाण्याचं पसरट भांडंही ठेवलं. पाणी गार राहावं, हाच त्यामागचा विचार होता.

घरात तेव्हा मनी होती आणि तिचा मोठा झालेला बोका. दोघं दिवसभर मोकळी फिरायची, जशी आपल्याकडे बहुतेक घरांतली मांजरं फिरतात.

सुरुवातीला फरशीवर सापसुरळ्यांच्या तुटलेल्या शेपट्या सापडू लागल्या. शेपटी टाकून सापसुरळी निसटते, म्हणून घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. हळूहळू पाचोळ्यातली त्यांची सळसळ थांबली. मग मेहंदीत बुलबुलाचं घरटं झालं. पिल्लं घरटं सोडतात तेव्हा त्यांना नीट उडता येत नाही. काही दिवस ती खालच्या फांद्यांवर, कधी जमिनीवरच असतात आणि आईबाप त्यांना तिथेच भरवतात. नेमक्या त्या दिवसांत बोक्याने एक पिल्लू मारून मागच्या दाराशी आणून टाकलं. दुसरं त्याच्या तोंडातून सोडवलं. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता, डोळे टक्क उघडे होते. सगळ्यांना वाटलं, वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्यात मरून पडलेलं होतं.

पशुवैद्यांनी नंतर कारण समजावलं. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. मांजराचे सुळे सुईसारखे असल्यामुळे जखम बारीक होते, पिसांखाली दिसतही नाही, पण जिवाणू रक्तात पोचतात. वेळेत प्रतिजैविक मिळालं नाही, तर एकदोन दिवसांत पाखरू दगावतं. म्हणून मांजराने तोंडात धरलेलं पाखरू वरवर धडधाकट दिसलं, तरी त्याला जखमी समजूनच हलवायचं.

पाण्याचं भांडं दाट कुंपणाला खेटून असल्यामुळे मनीला दडायला आयती जागा मिळाली होती. पाणी प्यायला वाकलेल्या पाखरावर झेप घ्यायला तिला दोन हातांचंही अंतर नव्हतं. पाखरांसाठी ठेवलेलं भांडं त्यांच्याच जिवावर उठलं होतं.

इथे आपल्याकडचा एक समज खोडून काढायला हवा. पोटभर खाऊ घातलेलं मांजर शिकार करत नाही, असं आपण मानतो. पण दबा धरणं, झेप घेणं हा मांजराचा उपजत स्वभाव आहे आणि तो भुकेवर अवलंबून नाही. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोकळ्या फिरणाऱ्या ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले होते. २०१३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मांजरांनी केलेल्या शिकारीपैकी जेमतेम २३ टक्के घरी आणली गेली. २८ टक्के त्यांनी खाल्ली आणि ४९ टक्के जागीच टाकून दिली. शिकारीत सरड्यांसारखे सरपटणारे प्राणी सर्वांत जास्त होते. म्हणजे आपल्याला दाराशी जेवढं दिसतं, त्याच्या चौपट बागेत घडून गेलेलं असू शकतं.

मग करायचं काय? आमच्या घरात जे बदल केले आणि जे टिकले, ते क्रमाने सांगते.

पहिलं काम मांजराचं. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, म्हणजे त्याची भटकंती कमी होते आणि पुढच्या पिल्लांची रांग थांबते. त्यानंतर वेळा ठरवा. पहाट आणि तिन्हीसांज या मांजराच्या शिकारीच्या वेळा, आणि पाखरांच्या दाणापाण्याच्याही. निदान या दोन वेळांना मांजर घरात हवं. मार्च ते ऑगस्ट हा बहुतेक बागेतल्या पक्ष्यांचा विणीचा काळ, त्यात तर दिवसभर आत ठेवलेलं उत्तम. आम्ही मागच्या पडवीला वरून-खालून वेल्डमेशची जाळी मारून घेतली. आत वेगवेगळ्या उंचीवर फळ्या, नखं घासायला काथ्या गुंडाळलेला ओंडका आणि चघळायला गव्हांकुरांची कुंडी ठेवली. ऊन, वारा, झाडावरची हालचाल हे सगळं मांजराला तिथून मिळतं. सुरुवातीचे दिवस ती दोघं ओरडली. मग पडवी हीच त्यांची आवडती जागा झाली.

दुसरं काम खाण्याचं आणि खेळाचं. दूध-पोळीवर मांजर वाढवणं ही आपल्याकडची जुनी पद्धत, पण मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारं टॉरिन हे द्रव्य धान्यातून मिळत नाही आणि मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. उकडलेलं चिकन, मासे किंवा चांगलं तयार खाद्य द्या. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाने २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मांसाचं प्रथिन भरपूर असलेलं खाद्य दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी पिसाच्या काठीने शिकारीचा खेळ खेळल्यावर ती २५ टक्क्यांनी घटली. संध्याकाळी असा खेळ खेळून लगेच जेवण दिलं, की आमची मांजरं शांत झोपतात. ज्यांच्या घरात मांस शिजत नाही, त्यांनी निदान तयार खाद्य आणि खेळ या दोन गोष्टींत कसूर करू नये.

घंटेबद्दलही सांगायला हवं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो, पण बांधूनही फारसं साधत नाही. एक्सेटरच्या अभ्यासात घंटेचा ठळक परिणाम दिसला नाही. भडक रंगांच्या कापडी गळपट्टीने मात्र पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी झाली, कारण पक्ष्यांना रंग लांबून दिसतात. गळपट्टी ताण पडताच सुटणारी असावी, नाहीतर फांदीत अडकून मांजरालाच फास बसतो. सापसुरळ्या आणि बेडकांना मात्र या रंगांचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी मांजर आत असणं हाच उपाय.

तिसरं काम बागेच्या मांडणीचं. पाण्याचं भांडं जमिनीवर नको. ते माणसाच्या उंचीला टांगा किंवा गुळगुळीत लोखंडी पाइपावर बसवा. दाट झुडपापासून ते सात-आठ फूट लांब हवं, म्हणजे येणारं मांजर पाखराला आधी दिसतं. जवळ उंच झाडाची फांदी मात्र हवी, उडून बसायला. भांडं उथळ असावं आणि पाणी रोज बदलावं. घरट्याच्या झाडाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर दोन फूट रुंद पत्रा सैलसर गुंडाळला, की मांजराची नखं त्यावर ठरत नाहीत. कुंपणाला करवंद, बोगनवेल, काटेकोरांटी अशी काटेरी झाडं लावली, तर लहान पाखरांना आडोसा मिळतो आणि मांजर आत शिरत नाही. सापसुरळ्या आणि बेडकांसाठी कोपऱ्यात दगडांचा ढीग रचा. त्यातल्या फटी मांजराचा पंजा जाणार नाही एवढ्या अरुंद ठेवा.

दाण्यांचा फीडर सगळ्यात शेवटी, आणि माझ्या मते नसला तरी चालतो. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे साप. मांजर सापाला सहसा सोडत नाही, आणि नाग किंवा घोणस असेल तर ते प्राणाला मुकतं. फुलं, फळं आणि किडे देणारी झाडं असली, की वेगळे दाणे घालावे लागत नाहीत. उंदरांसाठी विषारी गोळ्याही टाकू नका. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला, तर तेही दगावू शकतं. नवी झाडं निवडताना लिली, सायकस आणि कण्हेर मांजरासाठी विषारी आहेत, हेही ध्यानात असू द्या.

भटक्या आणि शेजारच्या मांजरांचा प्रश्न उरतोच. त्यांना बागेत खायला घालू नका. दूर एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी द्या आणि उरलेलं उचला. गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढून त्यांची ऑपरेशनं करून घेतली, तर दोनतीन वर्षांत फरक दिसतो. शेजाऱ्यांशी बोलताना मांजरावर आरोप करू नका. घरट्यात पिल्लं आहेत, एवढे दिवस सांभाळा, असं सांगितलं की लोक ऐकतात.

एवढं करूनही एखादं पाखरू सापडलंच, तर त्याला छिद्रं पाडलेल्या खोक्यात, मऊ फडक्यावर, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. लगेच पशुवैद्याकडे न्या किंवा महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. रानपाखरू बरं झाल्यावर घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. आणि जमिनीवर बसलेलं, जखम नसलेलं, पिसं फुटलेलं पिल्लू अनाथ समजून उचलू नका. आईबाप जवळच असतात. त्याला हात लावण्यापेक्षा आपलं मांजर आत घ्या.

मांजर पाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जाळी मारणं, वेळा पाळणं शक्य असेल, तर बाग जरूर फुलवा. ते जमणार नसेल, तर जमिनीलगतचं पाणी आणि दाणे ठेवू नका. मांजर पोचणार नाही अशा गच्चीवर भांडं ठेवा, उंच झाडं लावा आणि तेवढ्यावर समाधान माना. मांजराचा स्वभाव बदलणार नाही आणि पाखराला धोका आधी कळणार नाही. दोघांमध्ये विचार करू शकतो तो माणूसच, म्हणून जबाबदारीही त्याचीच.