योगक्षेमाचं वचन आणि आमचं दुःख

पती अचानक गेले. त्यानंतर मला सगळ्यात जड गेलं ते गीता पुन्हा हातात घेणं. नवव्या अध्यायातला 22वा श्लोक आमच्या घरात मुलांनाही पाठ होता. अनन्य भक्ताचा योगक्षेम, म्हणजे त्याचा सगळा भार, आपण वाहतो, असं भगवंताने त्यात सांगितलंय. विम्याचे कागद भरायला घेतले, तर आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हावर त्याच श्लोकाचे शब्द. रोज म्हटलेला श्लोक त्या दिवशी वाचवेना. पुढे जे हाती लागलं, ते इथे लिहिते.

1. हे वचन कोणाला दिलं, ते आधी पाहावं.
हे मला सासूबाईंनी दाखवलं. त्या माळकरी, आणि गेलेला त्यांचा मुलगा. मी एकदा चिडून म्हणाले, "कसला योगक्षेम?" त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, ज्याला सांगितलं त्याचा तरी पोरगा राहिला का?" गीता युद्धाच्या तोंडावर सांगितली गेली आणि तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. तो अर्जुनाचा मुलगा, कृष्णाचा भाचा. म्हणजे मरण दाराशी येणारच नाही, असा त्या वचनाचा अर्थ सांगणाऱ्यानेही धरला नव्हता आणि ऐकणाऱ्यानेही. मुलगा गेल्यावर अर्जुन कोसळला, तेव्हा कृष्ण त्याच्याजवळ होता. माझ्यापुरता मी त्या श्लोकाचा एवढाच अर्थ घेते. त्याने दुःख कमी झालं नाही. आपली फसवणूक झाली, ही भावना मात्र गेली.

2. खचून जाणं म्हणजे श्रद्धा सुटणं नव्हे.
गीतेचा पहिला अख्खा अध्याय, 47 श्लोक, बहुतेक अर्जुनाच्या विषादाकडेच चाललेला आहे. अंग थरथरतंय, धनुष्य हातातून गळतंय, सगळं तो बोलून टाकतो. कृष्णाचा उपदेश सुरू होतो तो दुसऱ्या अध्यायाच्या 11व्या श्लोकात. त्याआधी दोन श्लोकांत तो अर्जुनाला खडसावतो खरा, पण बाकी सगळं ऐकूनच घेतो. आपण मात्र रडणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी आत्म्याचं अमरत्व समजावू लागतो.

3. देवाशी भांडावं.
सतराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. त्यांच्या गाथेत विठ्ठलाला जाब विचारणारे, अगदी त्याचं असणंच नाकारणारे अभंग आहेत, आणि वारकऱ्यांनी ते गाळले नाहीत. मीही देवघरासमोर बसून नको नको ते बोलले. बोलायला तोच होता, हे नंतर लक्षात आलं.

4. पूजा होत नसेल तर राहू द्यावी.
सुतकात आमच्याकडे घरचे देव पूजत नाहीत. ही रीत मला तेव्हा फार दयाळू वाटली. दहा दिवस हात जोडण्याची सक्तीच नाही. माझे हात त्यानंतरही बरेच महिने जोडले गेले नाहीत. सासूबाईंनी एका शब्दाने टोकलं नाही, स्वतः दिवा लावत राहिल्या.

5. भेटायला जाल तेव्हा श्लोक घरी ठेवून जा.
"देवाला चांगली माणसं लवकर लागतात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की देवाचाच राग आला. शेजारच्या काकूंनी पहिल्या रात्री पिठलं-भात आणला, मुलांना जेवू घातलं आणि भांडी घासून गेल्या. योगक्षेम कोण वाहतं असं मला कोणी विचारलं, तर आधी त्यांचंच नाव येईल. तेराव्यानंतर घर रिकामं होतं. खरी गरज तेव्हा असते, तेव्हा जा.

6. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जावं.
औषध घेतल्याने भक्ती उणी होत नाही. मी घेतलं आणि त्यामुळेच पुन्हा पोथी उघडण्याइतकं बळ आलं. डॉक्टर लगेच गाठता येत नसतील, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.