उद्या गाडी काढू नकोस

चि. अनिकेत,


तुझी संध्याकाळची मेल वाचली. दुपारपासून किंगमनच्या आरव्ही पार्कमध्ये अडकून पडलात, मुलं कंटाळली आहेत आणि ताईचं, म्हणजे तुझ्या आईचं, म्हणणं असं की पाऊस तर थांबला, आता पहाटेच निघून थेट डेथ व्हॅली गाठू. तिथलं बुकिंग उद्याचं आहे आणि पैसे परत मिळणार नाहीत. तू मला विचारलंस म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते : उद्या गाडी काढू नकोस. आणि या खेपेला डेथ व्हॅली यादीतून काढूनच टाक.

आपण पावसाच्या मुलखातली माणसं. पहिली सर आली की घाटात जायचं, धबधब्याखाली उभं राहायचं, नदीला पूर आला की पुलावर बघायला जमायचं. त्यामुळे सर ओसरली म्हणजे झालं, असं ताईला वाटणं साहजिक आहे. पण इकडच्या वाळवंटात पाऊस पडतो एका जागी आणि पाणी येतं दुसऱ्याच जागी. जमीन भाजून कडक झालेली, डोंगर उघडेबोडके, झाडोरा विरळ. पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. वर्षभर कोरडे ठणठणीत असणारे ओढे, ज्यांना इथे सगळे वॉश म्हणतात, ते दगडगोटे आणि चिखल घेऊन काही मिनिटांत भरून वाहू लागतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच वाहून गेले. वादळ झालं होतं कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला. कॅन्यनवर पाऊस जवळजवळ नव्हताच. तेव्हा तुमच्या डोक्यावरचं आभाळ मोकळं झालं, एवढ्यावर वाळवंटात काहीही ठरवायचं नाही.

आता डेथ व्हॅलीचं. तिथे वर्षाचा सरासरी पाऊस दोन इंचांच्या आसपास. ५ ऑगस्ट २०२२ रोजी फर्नेस क्रीकला एका दिवसात १.४६ इंच पाऊस पडला, रस्ते उखडले आणि सुमारे हजार माणसं उद्यानात अडकली. वर्षभरानं, २० ऑगस्ट २०२३ला, हिलरी चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी २.२ इंच पाऊस पाडला, म्हणजे वर्षाचा पाऊस एका दिवसात. उद्यान जवळपास दोन महिने बंद राहिलं. समुद्रसपाटीपेक्षा २८२ फूट खाली असलेल्या बॅडवॉटरच्या मिठागरात तळं साचलं आणि पुढे त्यात लोकांनी कयाक चालवल्या. त्या तळ्याचे फोटो फार सुंदर आहेत, पण ते ज्या पावसानं भरलं त्याच पावसानं रस्ते वाहून नेले होते. शिवाय हे जुलैचे दिवस. पाऊस नसला तरी पारा ११५ अंश फॅरनहाइटच्या वर असतो. लांब चढणीवर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्या तिथे रस्त्यावरच आहेत. सत्तरी ओलांडलेले भाऊजी बंद पडलेल्या गाडीत बसले आहेत, हे चित्र मला डोळ्यांसमोर आणवत नाही. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेऊ नये, अशी अट अनेक आरव्ही-भाड्याच्या करारांत असते. आज रात्री तुझा करार काढून वाच.

आणि तू जी गाडी चालवतो आहेस ती तुझी रोजची कार नाही रे. दहा-अकरा फुटांहून उंच, बाजू सपाट, वजन मोठं. वादळाचा वारा आडवा लागला की ती पूर्ण लेन ओलांडून ढकलली जाते. किंगमनहून लास व्हेगासला जाताना हूव्हर धरणाजवळचा पूल लागतो, नदीपासून सुमारे ९०० फूट उंच. जोराच्या वाऱ्याचा इशारा असताना तिथून आरव्ही न्यायची नाही. पार्कमध्ये असलात तरी रात्री छत्रीसारखं उघडणारं ऑनिंग आवरून ठेव. झोत आला तर तेच आधी फाटतं आणि गाडीची भिंतही फोडतं.

धुळीच्या वादळाबद्दल मात्र नीट लिहिते, कारण तिथे माणसाची स्वाभाविक वागणूकच घात करते. फिनिक्सवर ५ जुलै २०११ रोजी आलेली धुळीची भिंत सुमारे पाच हजार फूट उंच होती. अशा भिंतीत शिरल्यावर माणूस दिवे लावतो आणि हळूहळू पुढे सरकतो. ॲरिझोनाचं वाहतूक खातं नेमकं याच्या उलट सांगतं. डांबरी रस्त्यापासून शक्य तितकं बाजूला जायचं, गाडी थांबवायची, सगळे दिवे बंद करायचे, हँडब्रेक लावायचा आणि पाय ब्रेकवरून काढायचा. ब्रेकचा लाल दिवा चालू राहिला तर मागचा चालक रस्ता तिकडेच आहे असं समजून तुमच्यावर येऊन आदळतो. पट्टे बांधलेलेच ठेवायचे. यावरून आठवलं : मुलं चालत्या गाडीत मागच्या पलंगावर लोळतात, असं तू कौतुकानं लिहिलं आहेस. ते आजपासून बंद.

पाण्याबद्दल एकच नियम, आणि त्यात चर्चा नको. रस्त्यावर वाहतं पाणी दिसलं की गाडी वळवायची. फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलतं, दोन फूट पाणी मोठ्या व्हॅनलाही नेतं, आणि खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून कळत नाही. अडथळे लावून बंद केलेल्या रस्त्यात शिरून जो अडकतो, त्याच्याकडून सुटकेचा खर्च वसूल करणारा कायदाच ॲरिझोनात आहे. महामार्गावर आहोत म्हणून निर्धास्त राहू नकोस. जुलै २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात डेझर्ट सेंटरजवळ आय-१० या मोठ्या महामार्गावरचा पूल अशाच पुरात कोसळला होता.

पण अनिकेत, हे सगळं वाचूनही तुझी गाडी अडणार ती बुकिंगच्या पैशांपाशी, हे मला माहीत आहे. आई-बाबा एवढ्या लांबून आलेत, सहा आठवड्यांत त्यांना सगळं दाखवायचं, एकही दिवस फुकट जायला नको. भारतातून येणाऱ्या बहुतेक आई-वडिलांच्या सहली नेमक्या याच घाईत आखल्या जातात, आणि नेमक्या जुलै-ऑगस्टमध्ये. मला हे पटत नाही. दर तीन दिवसांमागे एक मोकळा दिवस नसेल तर तो बेत वाळवंटासाठी केलेलाच नाही. आणि थांबायचं की निघायचं हे स्टिअरिंगवर बसणाऱ्यानंच ठरवायचं. मागून कुणी 'एवढंसं तर पाणी आहे' म्हणायचं नाही. ताईला हे तू सांगू शकत नसशील तर मी सांगते, ती माझ्यावर रागावली तरी चालेल.

उद्या सकाळी राष्ट्रीय हवामान सेवेच्या लास व्हेगास कार्यालयाचा अंदाज बघ. किंगमन त्यांच्याच हद्दीत येतं. रस्त्यांसाठी ५११ लाव. पाण्याची टाकी भरून घे, माणशी दिवसाला एक गॅलन पिण्याचं पाणी वेगळं ठेव, भाऊजींच्या गोळ्या हाताशी राहू देत. किंगमनच्या जुन्या वीजघराच्या इमारतीत रूट ६६चं संग्रहालय आहे, मुलांना तिथे ने. परवा अंदाज चांगला असेल तर भल्या सकाळी निघा आणि दुपारच्या आत लास व्हेगासला पोहोचून तिथेच राहा. या दिवसांत वादळं बहुधा दुपारनंतर उठतात.

बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ देत. हे वाचलंस की रात्रीच ताईशी माझं फोनवर बोलणं करून दे, कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
मावशी
टूसान