पानांतील मँगॅनीज : त्याचें स्थान व कार्य

भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील खाणींतून निघणारें मँगॅनीज पोलाद करण्याच्या कामीं येतें, हें आपण भूगोलांत शिकतों. परंतु तेंच द्रव्य ट्रॉम्बेच्या खाडीकांठीं वाढणाऱ्या तिवराच्या प्रत्येक पानांतही असतें. वनस्पतींस तें अत्यावश्यक आहे, असें अमेरिकन रसायनज्ञ मॅकहार्ग यांनीं १९२२ सालीं दाखविलें. पानाच्या पेशींत तें कोठें असतें, याचा आपण येथें विचार करूं.

इतकें अल्प द्रव्य मोजावयाचें कसें? याचें एक साधन ट्रॉम्बे येथेंच आहे. तेथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं प्रथम चालू झाली. अशा भट्टींत न्यूट्रॉनांचा मारा झाला म्हणजे साध्या मँगॅनीजचें किरणोत्सर्गी मँगॅनीज-५६ बनतें. तें सुमारें अडीच तासांत निम्में होतें, व त्याच्या किरणांवरून मूळ द्रव्य किती होतें तें कळतें. पान थंडाव्यांत वाटून, वेगानें फिरवून पेशीचे भाग निरनिराळे केले, तर प्रत्येक भागांतील मँगॅनीज मोजतां येतें.

पेशीला आपण घर समजूं. तींत रिक्तिका नांवाची रसाची पिशवी असते. ती कोठार होय. जास्तीचें मँगॅनीज पेशी तेथें कोंडून ठेविते, कारण तें मोकळें राहिल्यास अपाय करितें. थोडा अंश तंतुकणिकांत असतो. मुख्य कार्य मात्र हरितकणांत चालतें. तेथें मँगॅनीजचे चार व कॅल्शियमचा एक अणु यांचा पुंजका असतो. त्याची रचना जपानी शास्त्रज्ञांनीं २०११ सालीं स्पष्ट केली. प्रकाशाच्या प्रत्येक आघातासरशीं त्यांतून एक इलेक्ट्रॉन निघून जातो. असे चार गेले, कीं पाण्याचे दोन रेणू फुटून प्राणवायूचा एक रेणु बाहेर पडतो. आपण जो श्वास घेतों, तो याच कार्याचें फळ आहे.

म्हणून केवळ जमिनींत मँगॅनीज असून भागत नाहीं. तें हरितकणापर्यंत पोंचलें पाहिजे. खाडीच्या चिखलांत हवा कमी असल्यानें तें विरघळतें व मुळांस सहज मिळतें. चुनखडीच्या जमिनींत तें अडकून बसतें. मग कोंवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लोहाच्या उणिवेंतही पान बरेंचसें असेंच दिसतें. तेव्हां ज्या पालकांची शेती आहे, त्यांनीं पिवळें पान पाहतांच खत न टाकतां आधीं माती व पान यांची परीक्षा करवून घ्यावी, म्हणजे पीकही वांचेल व पैसाही.